गाण्यात बांधलेले गुलाबभाऊ

मोहबोडीचे सरपंच गुलाब निकुरे यांचं नाव गावात कुठे नव्हतं ते विचारा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर होतं, हातपंपाच्या चबुतऱ्यावर होतं, स्मशानशेडच्या पत्र्यावर होतं. शाळेला दिलेल्या घड्याळाच्या काचेवर तर इतकं ठळक होतं, की वाजले किती ते पोरांना दिसत नसे. पण ठमाबाईच्या गाण्यात नव्हतं. आणि जोवर तिथे नाही तोवर बाकीचं सगळं फुकट, असं गुलाबभाऊंच्या मनानं घेतलं होतं.

आता ही ठमाबाई कोण, तर रोवण्याच्या बायांची म्होरकी. सिंदेवाहीकडच्या चार-पाच गावांत धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, असला की तिच्या टोळीला पहिला निरोप जातो. बाई साठीच्या पुढची, कंबर वाकलेली, पण आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावर सरळ पोचतो. तिकडच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, जंगलाला लागून असतात. म्हणून बाया रोवता रोवता मोठ्यानं गातात. माणसं इथं आहेत, हे वाघाला वेळेवर कळलेलं बरं.

गाण्याची रीत ठरलेली. पहिलं नाव बाबासाहेबांचं, दुसरं रमाईचं. या दोन नावांशी कुणी खेळत नाही, ती म्हणताना बाया डोक्यावरची पावसाची पन्नीसुद्धा सारखी करतात. ती झाली की मग मोकळं रान! पुढारी असो, सिनेमातला असो, टीव्हीतला असो, जगात ज्याचं नाव मोठं त्याला गाण्यात बांधायचं आणि थेट चिखलात उतरवायचं. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची.

“आर्यमान सूद आला, रोवना कराले गं,
चिखलात बूट फसला, लागला रडाले गं!”

हा आर्यमान सूद मुंबईचा केवढा मोठा हिरो. त्यानंतर झरीना दत्त नावाची नटी यायची, ती पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटता उपटता कंबर धरून बसायची. मग एक फास्ट बॉलर, मग दिल्लीचे दोन-तीन पुढारी. सगळ्यांची चड्डी गुडघ्यापर्यंत भिजवूनच बाया न्याहारीला बसायच्या.

इथवर गुलाबभाऊंची काही तक्रार नव्हती. हिरो मोठा, पुढारी मोठे, त्यांचं नाव येणारच. पण मागच्या हंगामात ठमाबाईनं गावच्या पोलीस पाटलाला गाण्यात घेतलं आणि गुलाबभाऊंच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

“वारलू पाटील निंघाला, चोर धराले गं,
माकडानं टोपी नेली, लागला पळाले गं!”

गोष्ट खरीच घडलेली होती. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून फिरला असता. पण वारलू पाटील पोंभुर्ण्याच्या बाजारात गेला तर एका अनोळखी माणसानं त्याला थांबवून विचारलं, “टोपीवाले पाटील तुमीच का जी?” आणि हॉटेलात नेऊन चहा पाजला, वर आलूबोंडा खाऊ घातला. वारलू ही हकीकत ज्याला त्याला सांगत सुटला. सगळ्यांत जास्त वेळा त्यानं ती गुलाबभाऊंनाच सांगितली.

शेवटी यंदाच्या रोवण्यात गुलाबभाऊ लाज सोडून धुऱ्यावर गेले. हातात चहाची किटली, खांद्यावरच्या पिशवीत चिवडा. बाया बांधीतून वर आल्या, हात धुतले, चिवडा खाल्ला, चहा प्याल्या.

“ठमाबाई,” गुलाबभाऊ घसा साफ करून म्हणाले, “तुमच्या गान्यात आपलं नाव येत नाई कधी.”

“तुमचं नाव?” ठमाबाईनं चहाचा घोट घेतला. “गान्यात मोठं नाव लागते, भाऊ. ज्याले कोनी ओळखत नाई त्याचं नाव टाकलं त बायायचा जोर जाते, हात चालत नाई.”

“मंग वारलूचं?”

“त्याचं माकडानं मोठं केलं,” मनकर्णा मधेच म्हणाली. ही ठमाबाईच्या शेजारी रोवायला असायची, आणि हिची जीभ कायम विळ्यासारखी. सगळ्या बाया खिदळल्या.

“तुमी असं काय केलं ते सांगा,” ठमाबाई म्हणाली. “गान्यात काहीतरी झालं पाह्यजे न बाप्पा. नुसतं नाव घेऊन काय करू? नुसतं नाव त घड्याळावर बी हाय.”

गुलाबभाऊंनी डोकं खाजवलं. काय केलं? केलं तर बरंच होतं, पण ते सगळं नाव लिहिण्यापुरतं. आता गावाच्या तोंडाशी मोठी स्वागत कमान होणार होती. लोखंड आलं होतं, गिट्टी पडली होती, सिमेंटची थप्पी ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. कमानीवर नाव कोणाचं येणार ते सांगायला नको.

“कमान होऊन राह्यली न,” ते म्हणाले.

“कमानीखालून जाऊन काय करू, भाऊ? पुढं नाला हाय.”

हा नाल्याचा विषय निघाला की गुलाबभाऊंना एकदम दुसरं काम आठवायचं. गाव आणि डांबरी रस्ता यांच्या मधे हा नाला. पावसाळाभर गुडघ्याएवढं पाणी, कधी मांडीएवढं. ग्रामसभेत बायांनी रपट्याची, म्हणजे पाण्यावरून जायच्या बुटक्या पुलाची, मागणी करून करून घसे कोरडे केले आणि दर वेळी गुलाबभाऊंनी “वरून मंजुरी नाई” म्हणून हात वर केले. ठमाबाईची नात नंदिनी सिंदेवाहीला कॉलेजात जाते. मागच्या पावसाळ्यात ती सायकलीसकट नाल्यात पडली, दप्तर वाहून गेलं, हाताला प्लास्टर. तेव्हाही मंजुरी नव्हतीच.

“तेवढं जमवा जी,” गुलाबभाऊ किटली उचलत घाईनं म्हणाले. “कसं बी जमवा.”

“पाहू,” ठमाबाई म्हणाली आणि बांधीत उतरली. उतरताना ती मनकर्णाकडे पाहून हसली. ते हसू गुलाबभाऊंना दिसलं नाही, नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं.

दोन-तीन दिवसांनी गुलाबभाऊ मोटारसायकलवरून चालले होते, तर लांबून गाणं ऐकू आलं आणि गाण्यात त्यांचं नाव. त्यांनी गाडी तशीच रस्त्यात उभी केली. पुन्हा आलं! साक्षात आर्यमान सूदच्या पाठोपाठ! त्यांनी घाईघाईनं मोबाईल काढला आणि गाणं भरून घेतलं.

“नाल्यावर रपटा झाला, पाय नाई ओले गं,
गुलाबभाऊ सरपंचाचं नाव जग बोले गं!”

आता खरं सांगायचं तर त्यांनी दुसरी ओळच ऐकली. आपलं नाव कानात शिरलं की माणसाला मागचं-पुढचं कुठे ऐकू येतं? त्यांनी तिथेच उभं राहून ते गाणं भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलं, तालुक्यातल्या सरपंचांच्या ग्रुपवर टाकलं, सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकलं, ग्रामसेवकाला पाठवलं, तालुक्याच्या साहेबांना पाठवलं, साहेबांच्या साहेबांना पाठवलं. सिरोंच्याला त्यांचा एक साडू आहे, त्याच्या घरात सगळे तेलुगू बोलतात, त्यालाही पाठवलं. आणि वर लिहिलं, ‘जनतेचं प्रेम.’

संध्याकाळपर्यंत मोबाईल तापला. अभिनंदन, हार, फुलं, जोडलेले हात. गुलाबभाऊ प्रत्येकाला ‘आभारी आहे’ लिहीत होते आणि बायकोला वाचून दाखवत होते. माधवीबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या.

“हे पाय, विहीरगावचा सरपंच काय म्हनते. ‘रपट्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’”

“कोनत्या रपट्याबद्दल?” माधवीबाई म्हणाल्या.

“आँ?”

“अवो, गान्यात रपटा झाला म्हनते. कुठी झाला? मले त सकाळी लुगडं वर धरूनच जा लागलं.”

गुलाबभाऊंनी गाणं पुन्हा लावलं. पहिल्यापासून ऐकलं. मग आणखी एकदा ऐकलं. हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तावातावानं धुऱ्यावर गेले. या खेपेला किटली नव्हती.

“ठमाबाई, असं खोटं काऊन म्हनता?”

“कोनतं खोटं, भाऊ?”

“रपटा कुठी हाय?”

“अन् आर्यमान सूद कुठी हाय?” ठमाबाईनं पऱ्ह्यांची जुडी सोडली. “तो कुठी आला होता रडाले? गान्यात येते सगळं. त्यानं कधी फोन नाई केला का खोटं काऊन म्हनता म्हनून.”

“पन लोकायले खरं वाटून राह्यलं न!”

“बरं, मंग काढून टाकतो. त्यात काय एवढं? मनकर्णे, आयकलं का वो? गुलाबभाऊचं नाव सोडा आजपासून. त्या जागी वारलू पाटलाचं आनखी एक बसवू.”

“थांबा!” गुलाबभाऊ इतक्या जोरानं ओरडले की धुऱ्यावरचे बगळे उडाले. “मी काढा असं म्हटलं का? मी फक्त इचारलं.”

“मंग राहू देऊ?”

बाया गुलाबभाऊंकडे पाहत राहिल्या, एकीनं पदर तोंडात कोंबला. ते वळले आणि चालायला लागले. पाठीमागून लगेच गाणं सुरू झालं, आणि त्यांचंच कडवं आधी.

त्याच आठवड्यात तालुक्याहून साहेबांचा फोन आला. “गुलाबराव, गाणं ऐकलं हो तुमचं. वा! कोणताही गाजावाजा न करता रपटा केलात, हे विशेष. आपल्याकडे आधी पाटी लागते, मग काम होते. धान निघाले की बाकीच्या सरपंचांना घेऊन तुमचा रपटा पाहायला येतो.”

“या न, साहेब,” गुलाबभाऊंच्या तोंडून निघून गेलं. ‘नाही’ म्हणायची संधी होती, अगदी समोर होती. पण नाही म्हणायचं म्हणजे गाणं खोटं म्हणायचं, आणि गाणं खोटं तर नावही खोटं. ते काही त्यांच्या जिभेवर आलं नाही.

फोन ठेवून ते नाल्यावर गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिथे नंदिनी कॉलेजातून परत येत होती. तिनं चपला काढून पिशवीत टाकल्या, सायकल खांद्यावर उचलली आणि पाय चाचपत पाण्यात शिरली. मधे एकदा डगमगली. गुलाबभाऊंचा हात आपोआप पुढे झाला, पण ते या काठावर आणि ती मधोमध, हात पोचणार कुठे?

काठावर आल्यावर तिनं सायकल खाली ठेवली आणि हसून म्हणाली, “काका, तुमचं गानं आमच्या कॉलेजात सगळे म्हनतेत. पोरी इचारतेत, तुमच्या गावाले रपटा झाला का?”

“मंग तू काय सांगतं?”

“हो म्हनतो न,” नंदिनी म्हणाली. “गावाची इज्जत हाय.”

गुलाबभाऊंना लाज वाटली. खरीखुरी, कान गरम करणारी. एवढी वर्षं सरपंच असून अशी कधी वाटली नव्हती.

मग जे झालं ते सगळ्या गावानं पाहिलं. गुलाबभाऊंनी स्वतःहून ग्रामसभा बोलावली आणि स्वतःहून उभं राहून म्हणाले, की कमान रद्द करून त्या सामानात नाल्यावर रपटा करू. ग्रामसेवक खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. बायांचे हात असे वर गेले की मोजायची गरजच पडली नाही. ‘वरची मंजुरी’ म्हणून जी काय चीज होती, तिच्यासाठी गुलाबभाऊ साहेबांची नजर चुकवून तालुक्याला तीन-चार चकरा मारून आले आणि ती मिळाली. अर्ज कुठल्या टेबलावर पडून होता तेच आजवर कुणी विचारलं नव्हतं.

धान कापून झाले, नाला आटला, तेव्हा सिंदेवाहीचे रहीम मिस्त्री सामान पाहायला आले. कमानीचं काम त्यांनाच दिलं होतं.

“गुलाबभाऊ, कमानीचं लोखंड नाल्यात टाकू म्हनता? फिर कमान का क्या?”

“कमान आडवी करा, मिस्त्री,” गुलाबभाऊ म्हणाले.

रहीम मिस्त्रींनी आयुष्यात कमानी पुष्कळ उभ्या केल्या होत्या, आडवी कधी केली नव्हती. ते पोट धरून हसले आणि कामाला लागले. सिमेंटचे पाइप पडले, दोन्ही बाजूंनी दगड बसले, वरून गिट्टी-सिमेंटचा थर झाला. गुलाबभाऊ रोज तिथे उभे. एका सकाळी मिस्त्रींनी विचारलं, “थर ओला हाय तोवर नाव कोरायचं का भाऊ? माझ्याजवळ खिळा हाय.” गुलाबभाऊंचा हात खिळ्याकडे गेला होता, हे मिस्त्री अजूनही शपथेवर सांगतात. पण मग ते म्हणाले, “राहू द्या. गान्यात हाय न.”

पाहुणे आले तो दिवस मोठा झाला. रपट्याच्या तोंडाशी मंडप, सतरंजी, माईक. आजूबाजूचे सरपंच आले, साहेब आले आणि साहेबांबरोबर भाषण करायला एक पुढारी आले. पुढाऱ्यांनी माईक हातात घेतला तो सोडेचना. त्यांनी आधी देशातल्या थोर पुरुषांची नावं घेतली, मग राज्यातल्या नेत्यांची, मग जिल्ह्यातल्या, मग स्वतःच्या मोठ्या भावाचं. नागपूरच्या विमानतळावर आर्यमान सूदनं आपल्याशी कसा हात मिळवला तेही सांगितलं. गुलाबभाऊ नवा सदरा घालून खुर्चीच्या काठावर बसले होते. आता येते, आता येते असं करत त्यांनी दोनदा टोपी सारखी केली.

“आणि ज्यांच्या प्रयत्नातून हे काम उभं राहिलं,” पुढारी म्हणाले, “ते या गावचे कर्तबगार...” इथे ते थांबले. समोर पाहिलं. समोर पहिल्या रांगेत वारलू पाटील ताठ बसला होता. “...वारलूजी पाटील!”

टाळ्या पडल्या. वारलू पाटलानं उठून हात जोडले, त्याला काय? गुलाबभाऊंचं तोंड एवढंसं झालं. कमान गेली, खिळा परत दिला, आणि हे असं! त्यांना वाटलं, उठून सरळ घरी जावं आणि पुन्हा कधी सरपंचकी करू नये. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी धुळीच्या नावावर पुसलं.

आणि तेवढ्यात मंडपाच्या मागून आवाज आला. ठमाबाईचा. रोवण्याचे दिवस नव्हते, चिखल नव्हता, पण बाई उभी राहिली आणि तिनं आधी बाबासाहेबांचं नाव घेतलं, मग रमाईचं, आणि मधले सगळे हिरो-पुढारी ओलांडून एकदम गुलाबभाऊंवर आली. बायांनी ओळ उचलली. मग नंदिनीनं, मग शाळेतल्या पोरांनी. दुसऱ्या गावच्या सरपंचांना मोबाईलवर ऐकून ऐकून ते पाठ झालेलं, तेही म्हणायला लागले. पुढारी माईक धरून उभेच राहिले. गुलाबभाऊ हसत होते आणि रडत होते, आणि या वेळी धुळीचं नाव घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

यानंतर पुढचा रोवणा येईपर्यंत गुलाबभाऊ हवेतच होते. रोवणा लागला तशी त्यांनी मोटारसायकल काढली, रपट्यावरून सुळकन गेले आणि ठमाबाईच्या टोळीजवळ धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. बाबासाहेब झाले, रमाई झाली. आर्यमान सूद रडला, झरीना दत्त कंबर धरून बसली, वारलूची टोपी गेली. मग एक नवंच कडवं आलं, एस.टी.च्या कोणा मोठ्या साहेबाचं, की त्यानं म्हणे मोहबोडीला सकाळची बस सोडली. ते संपलं आणि बाया पुन्हा पहिल्यावर गेल्या.

“ठमाबाई! अन् माझं?”

“तुमचं काय, भाऊ?”

“माझं नाव काऊन काढलं?”

“रपटा झाला न आता,” ठमाबाई वाकल्या वाकल्याच म्हणाली. “रोज त्याच्यावरून येतो, रोज जातो. होऊन गेल्याचं गानं कोन म्हनते, गुलाबभाऊ? भात शिजल्यावर चुलीत कोनी लाकूड घालते का?”

गुलाबभाऊ धुऱ्यावर बसले. राग आला होता, पण कोणावर काढावा ते कळेना. बाईचं म्हणणं चूक म्हणावं तर तसंही नव्हतं. खाली बाया ओळीनं मागे मागे सरकत रोवत होत्या आणि एस.टी.चा साहेब, बिचारा, चंद्रपूरला आपल्या खुर्चीत बसून असेल, त्याला पत्ताही नसेल की आपलं काय व्हायचं आहे. गुलाबभाऊंना त्याचा हेवा वाटला. खूप वाटला.

बऱ्याच वेळानं ते उठले आणि बांधीच्या कडेला आले.

“ठमाबाई.”

“बोला, भाऊ.”

“अंगनवाडीचं छत गळते जी. लेकरं एका कोपऱ्यात बसतेत.”

ठमाबाईनं कंबर सरळ केली. मनकर्णाकडे पाहिलं, मग गुलाबभाऊंकडे. त्या मोठ्या माणसाचं तोंड खाऊ मागणाऱ्या लेकरासारखं झालं होतं.

“म्हनू का मंग?” तिनं विचारलं. “एकदा म्हटलं का मांगं घेता येत नाई. पाहून घ्या.”

“म्हना,” गुलाबभाऊ म्हणाले.

तिनं ओळ टाकली, बायांनी उचलली. गुलाबभाऊंनी मोबाईल काढून सगळं भरून घेतलं आणि एक ग्रुप न सोडता पाठवून दिलं. मग लगेच, गाणं चालू असतानाच, रहीम मिस्त्रींना फोन लावला.